शेजारी कळला, पण पाजारी कोण?

रत्नागिरीच्या एका ताईंनी विचारलंय: मुलगी सातवीत आहे, वाचते बरं, पण मराठीचा तास म्हटला की तिच्या कपाळाला आठ्या पडतात. घरात आजी मालवणकडची. आजी बोलायला लागली की मुलगी ‘गावठी’ म्हणून हसते. हिला शब्दांची गोडी कशी लावायची, आणि एखादं पुस्तक सुचवाल का?

ताई, पुस्तक सुचवतो, पण शेवटी. माझी सगळी नोकरी किनाऱ्यालगतच्या शाळांत मराठी शिकवण्यात गेली आणि अजूनही सुट्टीत वाडीतली पोरं जमवून मी शब्दांचे खेळ घेतो. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. पोरं ज्या शब्दावर खदखदून हसतात, त्या शब्दाच्या पोटात बहुधा एखादा चांगला घट्ट नियम असतो. तो नियम जिभेला आधी कळतो, डोक्याला मागाहून. तुमची लेक ज्याला व्याकरण म्हणून कंटाळते ते तिला येतंच आहे. आपल्याला ते येतं हे तिला कुणी दाखवलेलं नाही, एवढंच.

सुरुवात पावसापासून करा. कोकण किनाऱ्यावर वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आंबोलीला तर त्याच्या दुपटीहून जास्त. इतका पाऊस ऐकणाऱ्या माणसांना त्याचे आवाज वेगवेगळे सांगता आले नसते तरच नवल. भुरभुर वेगळी, रिपरिप वेगळी. रिपरिपीला कंटाळलेलं माणूस ‘पिरपिर’ म्हणतं, आणि तोच शब्द रडव्या पोरालाही लागतो. पत्र्यावर तडतड, पागोळ्यांची टपटप, व्हाळाची म्हणजे ओढ्याची खळखळ, आणि एकदा आभाळ फाटलं की धो-धो. मुलीला पडवीत बसवा, डोळे मिटायला सांगा आणि जे ऐकू येतं त्याला शब्द मागा. कोशातलाच शब्द पाहिजे असं नाही. एका पोराने कौलांवरून पन्हळीत आणि पन्हळीतून बादलीत पडणाऱ्या पाण्याला ‘गुडबुळ’ म्हटलं होतं. ते ऐकून बाकीच्यांनी बादलीकडे पाहिलं आणि माना डोलावल्या. शब्द चालला.

आता यातला नियम. खळखळ घ्या. खळखळणे, खळखळाट, खळखळून. गडगड घ्या. गडगडणे, गडगडाट, गडगडाटी. मग हाताला लागणाऱ्या वस्तूंकडे वळा. शेवाळ बुळबुळीत, सुंभ खरखरीत, समुद्राने घासलेला गोटा गुळगुळीत, कोवळं पान लुसलुशीत, उकड्या भाताची पेज पातळ झाली तर पचपचीत. मुलीला विचारा, ‘बुळबुळाट’ का म्हणत नाहीत? तिला हसू येईल. हसू आलं म्हणजे तिच्या कानाला खटकलं, आणि खटकलं म्हणजे तिला नियम माहीत आहे. कानाचे शब्द बहुतेक ‘आट’कडे जातात: किलबिलाट, कडकडाट, खणखणाट. हाताचे शब्द ‘ईत’कडे जातात. डोळ्यांचे दोन्हीकडे जाऊ शकतात. लखलखाटही आहे आणि चकचकीतही. कुरकुरीत मात्र हाताला, दाताला आणि कानाला एकदमच लागतं. हे मी वर्गात कधी फळ्यावर लिहून दिलं नाही. टोपलीत शेवाळ, काथ्या, शिंपला, मासळीचं खवलं, ओली वाळू घालून टोपलीवर फडकं टाकायचं आणि पोरांनी आत हात घालून शब्द सांगायचा. दोन्ही गठ्ठे पोरांनी स्वतःच वेगळे केले.

रंगांकडेही असंच बघा. हिरवागार, पिवळाधमक, काळाकुट्ट, निळाशार, लालभडक, पांढराशुभ्र. प्रत्येक रंगाचा जोडीदार ठरलेला. ‘हिरवाभडक’ म्हणून बघा, जीभच अडखळते. एकाच रंगाचे जोडीदारही प्रसंगाप्रमाणे बदलतात. चाफा पांढराशुभ्र असतो, पण भ्यालेल्या माणसाचा चेहरा पांढराफटक. ओठ लालचुटुक, संतापलेला चेहरा लालबुंद. हे जोडीदार मुलं कुठल्याही तक्त्याशिवाय शिकलेली असतात. चवींना लावून बघा: गोडमिट्ट, आंबटढाण, कडूजहर, तिखटजाळ. आणि तुरट? इथे थांबायचं आणि मुलांना बनवायला सांगायचं. मी हा खेळ मार्च-एप्रिलमध्ये घेतो, काजूची बोंडं खाऊन पोरांचे गळे धरलेले असतात तेव्हा. एकीने ‘तुरटघोगरं’ म्हटलं. अर्थ कुणाला सांगावा लागला नाही. तिला बोंडाची चवही सांगता आली आणि ते खाल्ल्यावर आवाजाचं काय होतं तेही.

आता माझा सगळ्यात आवडता खेळ, आणि याला मी जरा जास्त वेळ देणार आहे, कारण घरात कुठलंही साहित्य न आणता तो आज रात्री जेवतानाच खेळता येईल. आपण चहाबिहा म्हणतो, पाणीबिणी, मासेबिसे, अभ्यासबिभ्यास. मूळ शब्दाचं पहिलं अक्षर काढून तिथे ‘बि’ बसवायचा, बाकी शब्द तसाच. हे कुणी आपल्याला शिकवलेलं नाही, तरी कुठलाही नवा शब्द आला की चुटकीसरशी जमतं. मोबाईलबिबाईल. टीव्हीबिव्ही. आता मुलीला अडचणीत टाका. ‘होडी’ द्या. होडीबिडी! इथे हशा पिकतो, कारण बनलेला शब्द खराच निघाला. मग ‘बिस्कीट’ द्या. नियम लावला तर बिस्कीटबिस्कीट, म्हणजे काहीच बदललं नाही. पोरं क्षणभर थबकतात आणि मग कुणीतरी म्हणतं, ‘बिस्कीटफिस्कीट’. बघा काय झालं ते. नियम जिथे लंगडा पडला तिथे मुलाने स्वतः वाट काढली, आणि ती वाट मोठी माणसंही काढतात तीच. इतकं नाजूक काम सातवीतलं पोर एका श्वासात करतं.

पुढे अर्थाकडे या. ‘मला अभ्यास नाही करायचा’ आणि ‘मला अभ्यासबिभ्यास नाही करायचा’ यांत फरक काय? दुसऱ्या वाक्यात अभ्यासाची किंमतच कमी केली. ‘चहाबिहा घ्या’ मध्ये मात्र तसं नाही, तिथे उलट मोकळेपणा आहे: चहा घ्या, आणखी काही हवं तर तेही घ्या. मग मुलीला सांगा, आजीच्या नावाला बि लावून हाक मारून बघ. ती मारणार नाही. का मारणार नाही, यावर तिचं उत्तर ऐका. शब्दाला मान असतो आणि तो एका अक्षराने जातो, हे तिला तुमच्याआधी कळलेलं असेल.

याचेच सख्खे शेजारी म्हणजे जुने जोडशब्द. शेजारीपाजारी, कपडालत्ता, केरकचरा, सटरफटर, किडुकमिडुक, अरबटचरबट, अघळपघळ. माझ्या वर्गातला नेहमीचा प्रश्न: शेजारी कळला, पण पाजारी कोण? तो कुठे राहतो? मुलं पाजाऱ्याचं वर्णन करायला लागतात. एकाने सांगितलं, शेजाऱ्याच्या पलीकडचा, ज्याचा फणस आपल्याकडे येत नाही. मग जोड्या सोडवायला बसवायचं. केरही चालतो, कचराही चालतो, दोन्ही जिवंत. लत्ता म्हणजे कापडाचा तुकडा, पण तो आता एकटा फिरत नाही. पाजारी मात्र एकटा उभाच राहू शकत नाही. त्याचं काम फक्त यमक जुळवायचं. शाळेच्या व्याकरणात यालाच अभ्यस्त शब्द म्हणतात: पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त आणि अनुकरणवाचक. हळूहळू पहिल्यात, शेजारीपाजारी दुसऱ्यात, कडकडाट तिसऱ्यात. पाजाऱ्याचं घर शोधून आलेल्या मुलीला ही तीन नावं पाठ करायला किती वेळ लागेल? नावं शेवटी द्या. वर्गात ती आधी दिली जातात आणि तिथेच सगळं फसतं.

‘च’ची भाषा तुम्ही लहानपणी बोलला असाल. आमच्याकडची रीत अशी की पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं आणि पुढे च लावायचा. पाऊस म्हणजे चऊसपा, होडी म्हणजे चडीहो, आजी म्हणजे चजीआ. आता ‘प्रकाश’ द्या. पोरं ‘चकाशप्र’ म्हणतात. ‘प्र’ फोडून त्यातला र मागे ठेवणारा मुलगा मला आजवर भेटलेला नाही. जोडाक्षर हे एक अक्षर आहे, हे मुलाच्या जिभेला ठाम ठाऊक असतं, भले ते लिहिताना त्याची तारांबळ उडो.

हेच अक्षराचं भान उलटसुलट वाक्यांत कामाला येतं. ‘चिमा काय कामाची’, ‘रामाला भाला मारा’, ‘टेप आणा आपटे’ ही जुनी, सगळ्यांना माहीत असलेली. कुठूनही वाचा, तीच. ‘चिमा काय कामाची’ आणि ‘तो कवी डालडा विकतो’ मध्ये ह्रस्व-दीर्घाकडे जरा कानाडोळा करावा लागतो. तेही मुलांना शोधू द्या, शुद्धलेखन इतक्या मन लावून तपासलेलं तुम्ही कधी पाहिलं नसेल. पण तयार वाक्यं वाचून दाखवण्यात अर्धीच मजा आहे. खरी मजा बनवण्यात. बंदराजवळच्या शाळेत एका मुलीने बराच वेळ पेन्सिल चावून वहीत लिहिलं: ‘ती होडी होती’. ती, हो, डी, हो, ती. इतकं साधं, रोज बोलण्यातलं वाक्य, आणि दोन्हीकडून सारखं! बाजूच्याने ते पाहिलं आणि होडीतला ‘ड’ खोडून ‘ळ’ केला: ‘ती होळी होती’. तेही बसलं. मग साऱ्या वर्गाला कळलं की मधलं अक्षर मोकळं आहे, तिथे काहीही चालेल, फक्त ‘हो’च्या पुढे बसून त्याचा शब्द झाला पाहिजे. मधल्या जागेवर अख्खी बाराखडी फिरवून झाली. त्या दिवशी मी काही शिकवलं नाही.

खेळांच्या मैदानावरचे शब्दही गोळा करा. विटीदांडूत अंतर मोजताना ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ म्हणतात. वरवर बघता पोरांनी बनवलेली बडबड. पण तेलुगूत एक, दोन, तीन, चार म्हणजे ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. शेजारी ठेवून वाचा म्हणजे पटेल. शेकडो मैलांवरचे आकडे इथल्या पोरांच्या खेळात येऊन बसले आणि पिढ्यान्‌पिढ्या कुणी त्यांचा अर्थ विचारला नाही. शिमग्यातलं ‘आयना का बायना, घेतल्याशिवाय जायना’ मात्र जसंच्या तसं अर्थाशिवाय घ्यावं. ‘जायना’ला जुळणारं काहीतरी हवं म्हणून आयना आणि बायना आले. पोस्त, म्हणजे शिमग्याचे पैसे, मागणाऱ्या पोरांचा ठेका त्यावर चालतो, आणि ठेका हाच त्याचा अर्थ. (शिमग्यातल्या फाका, म्हणजे ओरडून म्हटलेल्या चावट ओळी, आणि शिव्या यांबद्दल पालक दबकत विचारतात. घराची मर्यादा घराने ठरवावी. पण त्या का हसवतात, हे मोठ्या मुलांशी बोलायला हरकत नाही. चोरून ऐकलेल्यापेक्षा बोललेलं बरं.)

बाजारात जाल तेव्हा मुलीला घेऊन मासळीच्या बाजूला जा. किनाऱ्यावरच्या माणसाला यात काही वाटत नाही, पण घाटावरचा पाहुणा ‘मोरीचं मटण’ ऐकून दचकतो, कारण त्याची मोरी भांडी घासायची. आपली मोरी म्हणजे मुशी, शार्क. ‘हलवा आणलाय’ म्हटलं की तो वाटीचमचा शोधतो, आणि समोर येतो तळलेला मासा. तिसऱ्या म्हणजे शिंपले. माझ्याकडे आलेल्या एका छोट्या पाहुण्याने विचारलं होतं, मग पहिल्या आणि दुसऱ्या कुणी खाल्ल्या? असे दुहेरी अर्थाचे शब्द मुलीला स्वतः जमवायला लावा आणि त्यांवर घाटावरच्या पाहुण्याचं आणि मासेवालीचं संभाषण लिहायला सांगा. श्लेष हा शब्द तिला पुढे कधीतरी भेटेल तेव्हा ओळखीचा निघेल. जीभ वळवायची तर आमच्या पोरांचं हे एक घ्या: ‘खळ्यात खेळे खुळा, खुळ्याच्या गळ्यात खुळखुळा’. पाच वेळा, न थांबता.

आता आजी. तुमच्या प्रश्नातलं हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मुलगी हसते याचं मला वाईट वाटत नाही. मालवणी ऐकून हसू येणं साहजिक आहे. मालवणी माणूस स्वतःच हसवायला बोलतो. वाईट वाटतं ते ‘गावठी’ या शब्दाचं. म्हणून तिला एक कोडं घाला. आजी म्हणते, ‘बापूस बाजारात गेलो.’ कोण गेलं? शाळेच्या मराठीत ‘गेलो’ म्हणजे मी गेलो. आजीच्या बोलीत ‘गेलो’ म्हणजे तो गेला. मग ‘मी गेलो’ला आजी काय म्हणते? ‘मी गेलंय.’ विचारून खात्री करून घ्या. आता आंबा, मासा, घोडा यांना आजी काय म्हणते? आंबो, मासो, घोडो. गेला, गेलो; आंबा, आंबो. मुलगी दोन मिनिटांत सांगेल की आपल्याकडे जिथे ‘आ’ तिथे आजीकडे ‘ओ’. आजी चुकत नाहीये, ती तिचा नियम काटेकोरपणे पाळते आहे. आपण हसतो ते दोन नियम एकमेकांवर आदळतात म्हणून. झील म्हणजे मुलगा, चेडू म्हणजे मुलगी, आणि चेडूवर अनुस्वार दिला की चेंडू. हे कळल्यावर मुलीचं हसणं थांबणार नाही, पण ते आजीबरोबरचं हसणं होईल.

आणि तिला दशावतार दाखवा. कार्तिकापासून सिंधुदुर्गात गावोगावच्या जत्रांना दशावतार रंगतो. संवाद लिहून पाठ केलेले नसतात. कथा ठरलेली असते आणि बोलणं तिथल्या तिथे सुचतं. आडदशावतारात, म्हणजे आख्यानाआधीच्या भागात, वेद चोरणारा संकासुर येतो आणि भटजींशी मालवणीत असा काही वाद घालतो की मांडवात झोपलेली पोरंही उठून बसतात. पुढे आख्यान सुरू झालं की राजे आणि देव भारदस्त मराठीत बोलतात. एकाच रात्री, एकाच रंगमंचावर दोन्ही भाषा, आणि दोन्हींना टाळ्या. ‘बोली बोलली तर परीक्षेत मार्क जातील’ ही भीती पालकांना असते. जी मुलं एका भाषेतून दुसरीत सहज ये-जा करू शकतात, त्यांना मी नेहमी निबंधात वरचढ पाहिलंय; कुठे कुठलं बोलायचं याची त्यांना सवय असते. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हाही मुलीला पुढे उभी करा. एक जण ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून सुरुवात करतो, त्याच्या प्रत्येक मागणीला सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. बोलण्याचं गाणं कसं होतं ते तिथे कळतं.

एक गोष्ट टाळा. मोबाईलवर ‘मराठीतले शंभर मजेशीर शब्द’ अशा याद्या फिरतात, त्या मुलीला पाठवू नका. यादीतला शब्द कुणाच्याही तोंडचा नसतो. अरबटचरबट हा शब्द खाऊ नको सांगताना कानावर पडला तरच त्यात दम. आणि ती नवा शब्द बनवून सांगत असताना मध्येच ऱ्हस्व-दीर्घ सुधारू नका. खेळ संपल्यावर सुधारा, तेव्हा ती स्वतः विचारते.

आता पुस्तक. मी गोष्टीचं पुस्तक सुचवत नाही, शब्दकोश सुचवतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा १८३१ मध्ये छापला गेला, वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून खंडाखंडाने आला. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. मुलीला आधी मोल्सवर्थमध्ये ‘उखाणा’ शोधायला सांगा. लग्नात नाव घेण्यापलीकडे तो कोडं म्हणूनही भेटेल. कोडं हवंच असेल तर आजीला विचारा, ‘कोकणातून आली सखी, तिला मारली बुक्की, तिच्या घरभर लेकी’ म्हणजे काय. लसूण सोलता सोलता ती सांगेल. मग महाराष्ट्र शब्दकोशात कंसातली छोटी खूण शोधायला लावा: काही शब्दांपुढे (को.) म्हणजे कोकणी, (राजा.) म्हणजे राजापुरी, (कु.) म्हणजे कुडाळी. कुडाळी म्हणजेच आजीची मालवणी. ज्या बोलीला ती गावठी म्हणते, त्या बोलीचे शब्द मराठीच्या सर्वांत मोठ्या कोशांपैकी एकात आपापल्या खुणेसकट बसलेले आहेत. रोज एक (कु.) शोधायचा आणि आजीला विचारायचं, हा शब्द तुझ्याकडे अजून बोलतात का? आजीने सांगितलेला एखादा शब्द कोशात सापडला नाही तर वहीत लिहून ठेवा. अर्थ लिहा, आजीने तो ज्या वाक्यात वापरला ते वाक्य लिहा आणि तिच्या माहेरच्या गावाचं नावही लिहा, कारण वेंगुर्ल्याची आणि देवगडची तऱ्हा एकच असेल असं नाही.